‘थायरॉइड वाढलाय’ म्हणजे नक्की काय वाढलंय?

दांडिया बाजार, वडोदरा
आईचा रिपोर्ट आला, टीएसएच ११. संध्याकाळपर्यंत वाडाभर झालं, ‘वहिनींचा थायरॉइड वाढलाय.’ डॉक्टर मात्र गुजरातीत म्हणाले, ग्रंथी ‘धीमी’ पडली आहे, रोज सकाळी अनशापोटी गोळी घ्या. मग वाढलाय की मंदावलाय? आणि या ग्रंथीला मराठीत म्हणतात काय? लेक गुजराती माध्यमात आहे, तिच्या पुस्तकात हार्मोनला ‘अंतःस्राव’ म्हटलंय. मला शाळेतलं ‘संप्रेरक’ आठवतं. बरोबर कुठलं?

लॅबवाली
दादा, वाडा चुकला, डॉक्टर बरोबर. टीएसएच म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, ते थायरॉइडचं नसतंच. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या, वाटाण्याएवढ्या पिट्यूटरी ग्रंथीतून येतं. असं समजा, थायरॉइड सून आणि पिट्यूटरी सासू. सून उठेना की सासूचा आवाज चढतो. रिपोर्टात मोजलाय तो सासूचा आवाज! गोळीतून थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडचं हार्मोन, मिळालं की सासू हळूहळू शांत होते, म्हणून सहा-आठ आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासतात. गळ्यावर ग्रंथीच फुगून दिसली, तर ‘वाढलाय’ शब्दशः खरं. त्याला गलगंड म्हणतात. आमच्या खिडकीवर तर रोज ऐकते, ‘मला थायरॉइड आहे.’ अहो, तो सगळ्यांनाच असतो!

निवृत्त मास्तर, रावपुरा
मराठी नाव अवटू. आता गंमत बघा. अमरकोशात अवटू म्हणजे घाटा, कृकाटिका, म्हणजे मानेची मागची बाजू. ग्रंथी तर पुढे, स्वरयंत्राच्या खाली! थायरॉइड हे नाव ‘ढाल’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलं, ते निदान आकाराशी तरी जुळतं. आम्हा संस्कृतवाल्यांना अवटू कायम खटकतो, पण आता रुळलाय, राहू द्या.

पिट्यूटरीत मात्र आपण बाजी मारली. लॅटिन मुळाचा अर्थ कफ, शेंबूड. मेंदूतला कफ तिथून नाकात उतरतो अशी जुनी समजूत होती. आपण तिला केलं पीयूषिका. पीयूष म्हणजे अमृत, आणि नुकत्याच व्यालेल्या गाईचं दूधही, आपला खरवसाचा चीक. आईला दूध यायला लागणारं प्रोलॅक्टिन याच ग्रंथीतून येतं. नाव देणाऱ्याच्या हे मनात होतं की नाही, देव जाणे.

सयाजीबागेजवळून
काका, मला पीयूषिका म्हटलं की श्रीखंडाचं पियूषच दिसतं. सॉरी.

निवृत्त मास्तर, रावपुरा
दिसू दे की! शब्द तोच आहे.

आता लेकीचा प्रश्न. १९०२ मध्ये लंडनला बेलिस आणि स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या आतड्याच्या एका भागाच्या नसा तोडल्या आणि त्यात आम्ल सोडलं. तरी स्वादुपिंडातून रस आलाच. म्हणजे निरोप नसांतून नव्हे, रक्तातून गेला. त्या निरोप्यांना १९०५ मध्ये स्टार्लिंगने ‘हार्मोन’ म्हटलं, ‘चेतवणं’ अशा अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून. संप्रेरक त्या अर्थाला धरून आहे, तो काय करतो ते सांगतो. अंतःस्राव तो कुठे पडतो ते सांगतो: लाळेसारखा नळीतून बाहेर नाही, थेट रक्तात. आपणही ग्रंथीला अंतःस्रावी म्हणतोच, तेव्हा लेकीचं काही चुकलं नाही. स्वादुपिंड तर गुजरातीत आणि मराठीत एकच. हिंदीवाले अग्न्याशय म्हणतात. फक्त संप्रेरक आणि उत्प्रेरक यांत गल्लत नको, दुसरा रसायनशास्त्रातला.

दांडिया बाजार, वडोदरा
आईला वाचून दाखवलं. म्हणाली, ‘सासूबाई जाऊन वीस वर्षं झाली, अजून आवाज चढलेलाच?’ मास्तर, एक शंका राहिली. अवटूचा टू दीर्घ की ऱ्हस्व? दोन्ही पाहिलेत.

निवृत्त मास्तर, रावपुरा
सुटा लिहिला तर दीर्घ, अवटू. समासात ऱ्हस्व, अवटुग्रंथी. जसं गुरू, पण गुरुकृपा.