मोठ्यांचं वगनाट्य कुमारवयीन मुलांकडून: संहिता सौम्य करावी की दुसरंच नाटक घ्यावं?

(चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

तिसरी घंटा

१४ ते १७ वयाच्या मुलांकडून वगनाट्य जरूर करून घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. गाणं, नाच, हजरजबाबीपणा आणि राजाला तोंडावर सुनावायची मुभा हे सगळं एकाच खेळात या वयाला दुसरीकडे मिळत नाही. अडचण फक्त द्व्यर्थी संवादांची आहे, आणि ती सोडवताना बरेच दिग्दर्शक चुकीच्या जागी कात्री लावतात.

विनोदात पेरणी, थांबा आणि टोला असे तीन भाग असतात. दिग्दर्शक टोला खोडतात आणि पेरणी तशीच ठेवतात. मग थांबा मोकळा राहतो आणि प्रेक्षक तो स्वतःच्या मनाने भरतात. हे मूळ चावट वाक्यापेक्षा वाईट, कारण लोक कशाला हसले ते मंचावरच्या मुलीला कळतच नाही. खोडायचं तर पेरणीपासून खोडा.

त्याहून चांगला उपाय म्हणजे शब्दाचे दोन अर्थ ठेवायचे, पण दुसरा अर्थ बदलायचा. शिपाई नायकिणीच्या वाड्यावर येतो, हा नेहमीचा प्रसंग घ्या. तिला खानावळवाली करा. तो विचारतो, "तुझं दार रात्री उघडं असतं म्हणं?" ती म्हणते, "दार उघडं असतंय, पण त्याच्या आधी उधारीची वही उघडती." लय तीच राहते, हशा तिथेच येतो.

बाकी हिशोब असा. अडीच-तीन तासांचा खेळ ८० ते ९० मिनिटांवर आणा. गण (सुरुवातीचं गणेशस्तवन), गौळण (कृष्ण आणि गवळणींचा प्रवेश) आणि बतावणी (विनोदी संवाद) मिळून २० मिनिटं, उरलेला वेळ वगाला, म्हणजे मुख्य कथेला. १० गाणी असतील तर ६ ठेवा, आणि कथा पुढे नेणारी आधी निवडा. तालमींना ८ आठवडे, आठवड्यातून ४ दिवस, रोज २ तास. शेवटच्या ३ आठवड्यांत संहितेला हात लावायचा नाही. बतावणीत उत्स्फूर्तता हवीच, पण मुलांना मोकळं सोडलं की मोबाइलवर पाहिलेलं काहीही आत येतं. म्हणून जागा आधी ठरवून द्या: या तीन ठिकाणी स्वतःचं वाक्य टाकायचं, आणि तेही आधी तालमीत ऐकवून.

सवाल जवाब

ताई, दुसरंच नाटक घ्यावं ही माझी बाजू, आणि तुमचं खानावळीचं उदाहरण तीच मांडतं. शिपायाकडे काठी आणि हुद्दा आहे, नायकिणीकडे फक्त जीभ. त्याला ती हवी आहे म्हणूनच ती त्याला नाचवू शकते, आणि वगाची सगळी चढण त्या हवेपणावर आहे. तिच्या हातात उधारीची वही दिलीत की पहिल्याच वाक्याला ती वरचढ झाली. मग पुढे जिंकायला काय राहिलं? शिवाय "दार रात्री उघडं असतं" ही पेरणी तुम्ही ठेवलीतच. टोला स्वच्छ असला तरी तो पडेपर्यंत १५ वर्षांच्या मुलीकडे अख्खं नाट्यगृह कोणत्या नजरेनं पाहतं, याचा विचार करा.

माझं म्हणणं, विषय प्रौढ पण शब्द स्वच्छ असं नाटक घ्या. देवलांचं 'संगीत शारदा' १८९९ चं आहे. पैशासाठी कोवळ्या मुलीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघालेला बाप, तो नवरदेव आणि मधला दलाल, या सगळ्यांवर प्रेक्षक पोट धरून हसतात. कात्री लागेल ती लांबीपुरती. आपल्या नाशिकचा या नाटकाशी संबंध तर इतिहासात नोंदलेला आहे: २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद नाट्यगृहात क्रांतिकारक अनंत कान्हेरेंनी नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याला गोळ्या घातल्या, त्या रात्री 'शारदा'चाच प्रयोग होता. देवलांचं निधन १९१६ मध्ये झालं, त्यामुळे हक्कांचाही प्रश्न नाही.

काळी चार

'शारदा' वाचायला द्या, प्रवेश करून घ्या, पण पूर्ण संगीत नाटक या वयाला देऊ नका. नाट्यपदाला रागाची तयारी लागते आणि पद एकट्याने पेलावं लागतं. १४-१५ वर्षांच्या मुलाचा आवाज फुटत असतो. सोमवारी लागलेला सूर गुरुवारी लागेलच असं नाही. वगात ओळी लहान असतात आणि मागे झील धरणारे असतात. मुख्य गाणाऱ्याचा आवाज चिरकला तरी झीलकरी ओळ उचलून धरतात.

पट्टीकडे, म्हणजे पेटीच्या कुठल्या सुराला 'सा' धरायचा त्याकडे, मात्र कोणी लक्ष देत नाही. मुलींना काळी चार (पेटीची चौथी काळी पट्टी) सोयीची, आवाज उतरलेल्या मुलांना काळी एक. सवाल-जवाबात दोघांना एकाच पट्टीत कोंबलं की एकाचा घसा बसतो. उपाय सोपा आहे. काळी एकचा पंचम (प) म्हणजेच काळी चार. तुणतुणं आणि ढोलकीची शाईची (बारीक आवाजाची) पुडी काळी चारला लावा. मुलींना तो षड्ज (सा) होतो, मुलांना पंचम, आणि मधे वाद्य न जुळवता सवाल-जवाब सुरू राहतो. पेटीवाल्याला तेवढं बदलून वाजवावं लागतं. मुलांच्या ओळी मध्य षड्जापासून धैवतापर्यंत बसवा. मुखडा तार षड्जाला जात असेल तर ती जागा झीलकऱ्यांना द्या. ज्याचा आवाज ऐन फुटण्याच्या टप्प्यात आहे, त्याच्या ओळी ठेक्यावर बोलून घ्या. शाहिरी ढंगात ते शोभतंही.

ढोलकी मुलांच्या मागे नको, विंगेजवळ बाजूला बसवा. नाशिकच्या कालिदास कलामंदिरासारख्या मोठ्या जागेत मुलं ढोलकीवर मात करायला ओरडतात आणि दुसऱ्या अंकात आवाजच उरत नाही. पायात ५०-५० घुंगरं पुरेत. जास्त बांधली की तळाच्या माइकमधून संवादांऐवजी घुंगरंच ऐकू येतात.

पंचवटीकर

सूर-ताल ठीक, पण लावणीचं काय? संवाद कितीही धुतले तरी अदाकारी तीच राहते. मुली मोबाइलवर मोठ्यांचे प्रयोग पाहतात आणि तेच हुबेहूब उचलतात. पालक नात्यातल्या सगळ्यांना घेऊन येतात, चित्रण घरोघर फिरतं. माझ्या मते लावणी पूर्णच वगळावी.

तिसरी घंटा

पंचवटीकर दादा, लावणी वगळली तर वगाचा तालच निघून जातो. बैठकीच्या लावणीचा आधार घ्या. बसून, डोळे, भुवया आणि हातांच्या अभिनयावर चालणारी ती रचना आहे. शब्द रुसव्याचे, वाट पाहण्याचे किंवा सख्यांमधल्या थट्टेचे निवडा. उभ्या लावणीत पदन्यास आणि गिरक्या ठेवा, ओठ चावणं, डोळा मारणं, पदराशी खेळणं काढा. मूळ प्रयोग पाहू नका असं सांगून मुली थांबणार नाहीत. त्यांच्याबरोबर बसून पाहा आणि कुठली अदा का बदलतोय ते स्पष्ट बोला. शिवलेली नऊवारी वापरा, आत घट्ट चुडीदार. नेसायला वेळ लागत नाही आणि गिरकीत सुटायची भीती नसल्यामुळे मुलगी मोकळी नाचते.

चित्रणाचं म्हणाल, तर नाट्यगृहात मोबाइल चित्रणाला बंदी घाला आणि पालकांना बदललेली संहिता भूमिका वाटण्याच्या आधी द्या. पोशाख शिवून झाल्यावर आलेली हरकत कोणालाच सोडवता येत नाही.

विंगेतून

गौळणीतल्या मावशीबद्दल (गवळणींची पुढारी, परंपरेने पुरुष करतो ती विनोदी भूमिका) कुणीच बोललेलं नाही. मावशीचं सोंग केलेल्या १५ वर्षांच्या मुलाला वर्गात पुढचं वर्षभर 'मावशी' म्हणून हाक मारतात. लचकण्यावर हशा घेऊ नका. मावशीला सगळ्यात तिखट वाक्यं द्या, कृष्णाला ती सडेतोड अडवते असं बसवा, आणि भूमिका मुलीने केली तरी बिघडत नाही.

आता कायद्याचं. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क टिकतात. शाळेच्या उपक्रमात, शिक्षक-विद्यार्थ्यांनी, फक्त विद्यार्थी, पालक आणि शाळेशी संबंधित लोकांसमोर केलेल्या प्रयोगाला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. तिकीट लावून साईखेडकर नाट्यगृहात केलात की ती सूट गेली. आणि कलम ५७ लेखकाला त्याच्या कृतीची मोडतोड झाली तर हरकत घ्यायचा हक्क देतं. त्यामुळे लेखकाकडून किंवा वारसांकडून नुसती प्रयोगाची परवानगी घेऊ नका, बदललेली पानं जोडून बदलांची लेखी परवानगी घ्या. जाहीर प्रयोगाला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, तिथेही हीच बदललेली प्रत द्या.

'अ‍ॅव्हेन्यू क्यू' या अमेरिकी संगीतिकेची शालेय आवृत्ती अधिकृतपणे निघाली आहे. त्यात इंटरनेटवरच्या अश्लीलतेचं गाणं नुसतं काढलं नाही, त्या जागी ऑनलाइन मैत्रीवरचं दुसरं गाणं घातलं. आपल्याकडे अशी तयार आवृत्ती सहसा मिळत नाही, म्हणून हे काम दिग्दर्शकावर पडतं आणि ते परवानगीनेच व्हायला हवं.

सवाल जवाब

परवानगी मिळेल, पट्टी जुळेल. माझा मूळ प्रश्न तसाच आहे. शिपायाचं हवेपण काढलंत, तर त्याच ताकदीचं दुसरं काय देणार?

तिसरी घंटा

भूक. तीही शरीराचीच ओढ आहे, त्यामुळे नटाला उसासे, जवळ सरकणं, नजर न हटणं सगळं करता येतं, फक्त ते पातेल्याकडे पाहून. उधारीची वही काढून टाकते, हुद्दा त्याच्याकडेच राहू दे: तो हप्ता वसूल करायला आलाय आणि फुकट जेवायचंय. दाराची पेरणीही जाते. तो विचारतो, "रात्री उशिरापर्यंत चूल पेटती असते म्हणं?" ती म्हणते, "पेटती, पण लाकडं ज्याची त्यानं आणायची."

आणि मुलांना साताऱ्याकडची बोली घोटायला लावू नका. बागलाण-मालेगावकडची मुलं असतील तर शिपायाला अहिराणी बोलू द्या, जीभ आपोआप सुटते.

सवाल जवाब

चूल मान्य, हे दारापेक्षा बरंच बरं आहे. पण भूक एका प्रवेशात भागते. त्याचं पोट भरल्यावर पुढची ४० मिनिटं त्याला काय करायचंय?

तिसरी घंटा

पोट भरू द्यायचंच नाही. प्रत्येक प्रवेशात ताट समोर येतं आणि नेमकं तेव्हाच राजाचं बोलावणं येतं. दर वेळी आणखी एक पदार्थ वाढवायचा: आधी पिठलं-भाकरी, मग मांडे, मग बासुंदी. शेवटच्या प्रवेशात राजा स्वतः येऊन ते ताट संपवतो, आणि आतापर्यंत "जी महाराज" म्हणणारा शिपाई तिथे पहिल्यांदा राजाच्या विरोधात बोलतो. त्याचा तो सवाल, राजाचा जवाब, आणि निवाडा खानावळवालीचा.