१३बी टर्बो: ८० केपीएला इंजिन अडखळतं

हडपसरकर:
घरी बांधत असलेल्या दोन सीटर विमानासाठी १३बी टर्बो (माझदाचं रोटरी इंजिन) टेस्ट स्टँडवर आहे. पेट्रोल फवारणारे प्रायमरी इंजेक्टर मिनिटाला ५५० सीसीचे, लोड वाढला की जोडीला येणारे सेकंडरी ८५०. थ्रॉटल सावकाश उघडला की मॅनिफोल्ड प्रेशर ८० केपीएजवळ येताच लॅम्बडा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, १ च्या वर म्हणजे पेट्रोल कमी) क्षणभर १.१५ च्या वर जातो, इंजिन अडखळतं, मग सावरतं. ए आणि बी दोन्ही ईसीयूवर (इंजिनचे कंट्रोल कॉम्प्युटर, एक गेला तर दुसरा) तेच. इग्निशन तपासू का?

रोटर_मिस्त्री:
इग्निशनला हात लावू नका, हे स्टेजिंग (प्रायमरीच्या जोडीला सेकंडरी चालू होणं) आहे. सेकंडरी चालू होताच ईसीयू प्रायमरीचं पेट्रोल ३९ टक्क्यांवर आणतो (५५० भागिले १४००). सेकंडरी पोर्टपासून लांब, त्यामुळे त्यांचं पहिलं पेट्रोल रनरच्या (हवा आत नेणाऱ्या नळीच्या) भिंती ओल्या करण्यातच जातं. सावरलंच नसतं तर डेड टाइम (इंजेक्टर उघडायला लागणारा वेळ) चुकीचा भरलाय म्हटलं असतं. ईसीयूत सोय असेल तर बदल १०-१५ केपीएत हळूहळू होऊ द्या, नाहीतर त्या टप्प्यावर तात्पुरतं जादा पेट्रोल द्या. स्टेजिंग क्रूझच्या प्रेशरवर नको. फार वरही नको, प्रायमरीची ड्यूटी (उघडं राहण्याचा वेळ) ८५ टक्क्यांच्या आत राहू दे.

बूस्टवाला:
मॅप (मॅनिफोल्ड प्रेशर) सेन्सरची होज कशी आहे? दोन ईसीयूंना टी लावून एकच दिली असेल तर दुसऱ्या ईसीयूचा उपयोग शून्य. होज निसटली की दोघांनाही बाहेरची हवा दिसते: मॅनिफोल्डमध्ये १४० केपीए, ईसीयू समजतो ९५. पेट्रोल दोन तृतीयांश, लगेच डिटोनेशन (मिश्रणाचा अवेळी स्फोट), आणि रोटरच्या टोकाचं एपेक्स सील गेलं. पिस्टनसारखी दयामाया इथे नाही. प्रत्येकाला मॅनिफोल्डवर स्वतंत्र निपल द्या, दोन्ही टोकांना क्लॅम्प, आणि सेन्सर वर ठेवा म्हणजे होजमधलं पाणी मॅनिफोल्डकडे उतरेल. इंजिन बंद ठेवून की ऑन केली की पुण्यात ९५ च्या आसपास दिसायला हवं. १०१ दिसलं तर कॅलिब्रेशन बघा.

रोटर_मिस्त्री:
अर्थिंगचंही तेच. दोन ईसीयू, दोन ब्रेकर, आणि अर्थ मात्र एकाच बोल्टवर, हे सर्रास दिसतं. आणखी एक: मॅपिंग (ईसीयूतलं पेट्रोलचं सेटिंग) १०० एलएलवर (विमानाचं शिसं असलेलं पेट्रोल) करून पंपावरचं ई२० (२० टक्के इथेनॉलवालं) भरलं तर मिश्रण ७-८ टक्के लीन होईल, म्हणजे पेट्रोल कमी पडेल. उलट, १०० एलएलमधल्या शिशाने लॅम्बडा मोजणारा वाइडबँड सेन्सर मरतो, म्हणून उड्डाणात क्लोज्ड लूप (त्या सेन्सरवरून पेट्रोल आपोआप बदलणं) बंदच ठेवा.

हडपसरकर:
टीच आहे राव. बदलतो. बूस्टमध्ये ट्रेलिंगचा स्प्लिट (दुसरा प्लग पहिल्याच्या किती मागून पेटतो) किती ठेवू?

बूस्टवाला:
१० ते १५ डिग्री. बूस्टमध्ये शून्याकडे नेऊ नका, नॉक (डिटोनेशन) वाढतो.