डेब पॅकेजची डिपेंड्स ओळ कमांडनं बदलताना एरर

पऱ्हाटी (ता. आर्णी):
शाळेच्या संगणकांवर डेबियन ११ (लिनक्स) आहे, नेट नाही. टायपिंग सॉफ्टवेअरचं डेब (इन्स्टॉल करायची पॅकेज फाइल) पेनड्राइव्हवर आणलं. त्याच्या डिपेंड्समधे (आधी लागणाऱ्या पॅकेजांची ओळ) टीटीएफ-एमएसकोअरफॉन्ट्स-इन्स्टॉलर आहे. हे पॅकेज मायक्रोसॉफ्टचे फॉन्ट नेटवरून उतरवते अन् तिथंच अडकते. आपल्याले ते फॉन्ट नकोच. ओळ काढली, पण परत बांधताना 'कंट्रोल डिरेक्टरी हॅज बॅड परमिशन्स ७७७'. सुडो (ॲडमिनचा अधिकार) लावूनही तेच. काहून?

धामणगावकर:
पेनड्राइव्हवरच उघडलं असन भाऊ. पेनड्राइव्हच्या फॅट३२ फॉरमॅटवर लिनक्सच्या परवानग्या राहतच नाहीत, सीएचमॉड (परवानगी बदलायची कमांड) करून उपयोग नाही. पॅकेजची माहिती असलेल्या कंट्रोल फायलीच्या फोल्डरले ०७५५ ते ०७७५ परवानगी लागते. संगणकाच्या होम फोल्डरमधे मूळ डेबपासून नव्यानं उघडा, पेनड्राइव्हवरचं फोल्डर उचलून आणू नका. सिमलिंकही (दुसऱ्या फायलीकडं नेणारे दुवे) तिथं टिकत नाहीत.

डीपीकेजी-डेब -आर टायपिंग.डेब काम
नॅनो काम/डेबियन/कंट्रोल
डीपीकेजी-डेब --रूट-ओनर-ग्रुप -बी काम नवं.डेब

आर कॅपिटल, बी लहान, डेबियन फोल्डर कॅपिटलमधे; 'काम' हे फोल्डरचं नाव. रूट-ओनर-ग्रुप विसरलं तर फायलींची मालकी तुमच्या युजरच्या नावानं पॅकेजमधे जाते. फॉन्टच्या पॅकेजचं नाव सजेस्ट्समधे (ऐच्छिक पॅकेजांची ओळ) टाका. रेकमेंड्समधे (शिफारशीची ओळ) नको, ॲप्ट (इन्स्टॉल करणारा प्रोग्राम) तेही ओढते.

काळीमाती:
हे फॉन्टपुरतं ठीक. प्रोग्रामला खरोखर लागणारी लायब्ररी डिपेंड्समधून काढली तर इन्स्टॉल होईल, सुरू होणार नाही. आधी एलडीडीनं (प्रोग्रामला कोणत्या लायब्ररी लागतात ते दाखवणारी कमांड) बघा.

व्हर्जनही बदला, नाहीतर मूळ कोणतं अन् आपलं कोणतं कळणार नाही. २.४-१ चं २.४-१+लोकल१ करा: मूळपेक्षा वर, २.४-२ पेक्षा खाली. + ऐवजी टिल्ड (~) लावाल तर उलट मूळपेक्षा जुनं ठरेल. पुढं कधी नेट आलं तर अपग्रेडमधे आपलं पॅकेज पुसलं जाऊ नये म्हणून ॲप्ट-मार्क होल्ड कमांडनं ते रोखून ठेवा.

कंट्रोलमधल्या डिस्क्रिप्शनला हात लावलाच तर पुढच्या ओळी एका स्पेसनं सुरू करा. रिकामी ओळ म्हणजे स्पेस अन् टिंब. एमडी५सम्सला (फायली तपासायच्या आकड्यांची यादी) हात नको, त्यात कंट्रोलची नोंद नसते.

पऱ्हाटी:
घरच्या उबंटू २२.०४ वर बांधलं गेलं. शाळेत 'अननोन कम्प्रेशन', कंट्रोल.टार.झेडएसटी म्हणते.

धामणगावकर:
उबंटू २१.१० पासून डेब झेडस्टँडर्डनं (झेडएसटी, एक कम्प्रेशन पद्धत) दाबते, डेबियन ११च्या डीपीकेजीले ते उघडता येत नाही. -बीच्या आधी -झेडएक्सझेड द्या (पहिला झेड कॅपिटल; एक्सझेड ही दुसरी कम्प्रेशन पद्धत) अन् पुन्हा बांधा. तयार डेब पेनड्राइव्हवर नेलं तरी चालते.