जत्रेची पत्रिका पोर्टफोलिओतून काढायची?

कुळागर
काल एका ग्रुपवरची पोस्ट वाचली. त्यात म्हटलं होतं की नोकरी शोधणाऱ्या डिझायनरने पोर्टफोलिओत तीन-चारच कामं ठेवावीत, तीही नावाजलेल्या ब्रँडची. गावच्या पत्रिका, जत्रेची पत्रकं, नाटकाची पोस्टरं आधी काढून टाका, नाहीतर तुम्ही हौशी दिसता. मी वाचून सोडून दिली होती. पण आज सकाळी माझ्या एका विद्यार्थिनीने विचारलं, "ताई, पत्रिका काढून टाकू?" म्हणून लिहायला बसले.

14 वर्षांपूर्वी मी आमच्या देवस्थानच्या जत्रेची पत्रिका केली. एका बाजूला पाच दिवसांचे कार्यक्रम, दुसऱ्या बाजूला 52 नावं. नावांचा क्रम बदलायचा नाही, कुणाचं नाव कुणाहून बारीक दिसता कामा नये, आणि तीन घड्या घालून ती पाकिटात बसली पाहिजे. पहिल्या प्रूफात घडी नेमकी पालखीच्या वेळेवरून गेली. घडीवरची शाई चार दिवसांत उडते. म्हणजे चष्मा लावून वाचणाऱ्या आजोबांना नेमकी हवी ती ओळ दिसली नसती. मी तारखांचा रकाना वर उचलला, वेळ डावीकडे ठळक घेतली, नावं दोन रकान्यांत बसवली. हे डिझाइन नव्हे तर काय?

ते पान आजही माझ्या पोर्टफोलिओत आहे. डावीकडे फसलेलं प्रूफ, उजवीकडे छापलेली पत्रिका, खाली चार ओळी. याउलट मुलं काय दाखवतात? कुणी न सांगता एखाद्या विमान कंपनीचा लोगो बदलायचा, कपावर-पिशवीवर तो छापल्यासारखे दिखाऊ नमुने (मॉकअप) चढवायचे. त्या कामाला गिऱ्हाईक नाही, बजेट नाही, "हे नको" म्हणणारं कुणी नाही. त्यातून माणसाचा हात कळत नाही.

मांडवीपार
कुळागरताई, मी मूळ म्हापशाचा. 9 वर्षं बंगळुरूत आहे, आमच्याकडे ॲपच्या डिझाइनची जागा निघाली की अर्ज मी बघतो. एका जागेला शंभराच्या वर येतात. पहिल्या फेरीत एकेकाच्या वाट्याला दोन-तीन मिनिटं. तुमची 52 नावांची अडचण मला लगेच कळली, कारण माझे आजोबा देवस्थानचे महाजन, म्हणजे वंशपरंपरेने हक्कदार, होते. माझ्या शेजारी बसणाऱ्या तेलुगू सहकाऱ्याला त्यात नावांनी भरलेला कागद दिसेल आणि तो पुढे जाईल. ती पोस्ट कठोर आहे, पण खोटी नाही. गावचा जिव्हाळा ठीक, मुलांना पगाराची नोकरी हवी आहे.

सत्तरीकर
यंदा पणजीच्या आल्तिनोवरच्या कला महाविद्यालयातून बाहेर पडलो. माझ्याकडे 23 कामं आहेत, त्यातली 6 उत्सवी नाटकांची पोस्टरं. मोठ्या ब्रँडचं एकही नाही. ते आणायचं कुठून? ब्रँड नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून ब्रँड नाही.

कुळागर
मांडवीपार, सहकाऱ्याला कळलं नाही तर चूक पत्रिकेची नाही, खालच्या चार ओळींची आहे. "एका कागदावर समान मानाची 52 नावं, घडीची जागा ठरलेली, वाचक साठीच्या पुढचा." हे कुठल्याही भाषेत कळतं.

खिळेजुळणी
मी मडगावात 31 वर्षं प्रेस चालवतो. पोर्टफोलिओ मला कळत नाही, पण छापायला येतं ते कळतं. परवा एक मुलगी पोस्टर घेऊन आली. पडद्यावर झकपक निळं. छापल्यावर मळकं दिसणार हे मी तिला आधीच सांगितलं, कारण फाइल आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या रंगांत होती आणि मशीन चार शाया ओढतं. ते एक वेळ चालेल. पण वर मथळा होता "दऱ्याकाठी संगीत संध्या". बाय, दऱ्या डोंगरात असतात. तुला समुद्र म्हणायचा आहे ना, मग दर्या लिही. गोव्यात राहून दर्या लिहिता येत नाही आणि हे पान म्हणे पोर्टफोलिओत पहिलं!

शिरोरेखा
खिळेजुळणी बाब, तुम्ही माझ्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. महिन्याकाठी दहा-बारा पोर्टफोलिओ बघते, निम्म्यांत देवनागरी मोडलेली असते. पहिली वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे जाऊन बसलेली, जोडाक्षराच्या जागी पाय मोडलेली सुटी अक्षरं. कारण साधं आहे. इलस्ट्रेटर किंवा इनडिझाइनमध्ये भारतीय लिपीसाठीचा कंपोझर (अक्षरं जुळवणारी सोय) निवडावा लागतो, इनडिझाइनमध्ये त्याचं नाव वर्ल्ड-रेडी. तो निवडला नाही की अक्षरं जुळत नाहीत. दुसरं, मथळा ऐसपैस दिसावा म्हणून अक्षरांत अंतर वाढवतात आणि शिरोरेषेचे तुकडे पडतात. इंग्रजी मोठ्या अक्षरांना जे शोभतं ते आपल्या लिपीला चालत नाही. तिसरं, जुने युनिकोड नसलेले फाँट. पीडीएफमधून ओळ उचलून बघा, नुसता कचरा हाती येतो.

रोमीवाला
गोव्याची डिझाइन म्हणजे तुम्हाला फक्त मराठी देवनागरी दिसते. तियात्राची, म्हणजे कोंकणी नाटकांची, पोस्टरं कुठे गेली? ती रोमीत (रोमन लिपीतल्या कोंकणीत) असतात आणि भिंतीवर लांबून वाचता येतात. आमच्या वाट्याला नेहमी हेच. 1987 च्या गोव्याच्या राजभाषा कायद्यातही रोमीला जागा मिळाली नाही.

शिरोरेखा
मी लिपी मोडल्याबद्दल बोलते आहे, भाषेबद्दल नाही. कोंकणीही देवनागरीत लिहितात, तिचीही वेलांटी तशीच सरकते. प्रत्येक चर्चेत राजभाषेचं भांडण आणणार असाल तर मला पुढे बोलायचं नाही.

रोमीवाला
बोलू नका. तियात्राचं पोस्टर पोर्टफोलिओत ठेवा एवढंच मी म्हणालो, आणि ताईंचं म्हणणंही तेच आहे.

खिळेजुळणी
त्यात खोटं काही नाही. तियात्रवाले नटांची नावं आणि फोटो असे बसवतात की बसमधून जाणाऱ्यालाही कळतं कोण काम करतो आहे. मी छापली आहेत, म्हणून सांगतो.

सांजावची विहीर
लिपीचं होत राहील. मला चीड येते ती व्यंगचित्रकार मारिओच्या नकलेची. गोव्यातला कुठलाही पोर्टफोलिओ उघडा: पोदेर (पाववाला), फुगलेल्या झग्यातली बाई, झोपलेला कुत्रा. मारिओ मिरांडा 2011 मध्ये गेले. लहानपणापासून डायऱ्यांतून आपल्या लोटली गावचे लोक काढत त्यांनी ती रेघ कमावली. तुम्ही तुमच्या वाड्यावरचे लोक काढा. माझ्या भाचीने चतुर्थीला गणपतीवर टांगतात त्या माटोळीला बांधायच्या फळांची चित्रं काढली, नावांसकट. त्या एका पानावर तिला काम मिळालं.

मांडवीपार
एका भाचीवरून नियम होत नाही. विषय होता पोर्टफोलिओ कसा लावावा, इथे वेलांटी, तियात्र आणि माटोळी चालू आहे. बंगळुरूत कुणी दर्या आणि दऱ्या तपासत नाही.

शिरोरेखा
तपासत नाही म्हणूनच तुमच्या ॲपांचं मराठी वाचवत नाही! बँकेच्या ॲपवर माझ्या आईला बटणावरचं अर्धं अक्षर कापलेलं दिसतं, कारण बटणाची उंची इंग्रजीवरून ठरवलेली. वरची मात्रा आणि खालचा उकार कुठे जाणार? ते वाचता येत नाही म्हणून ती दर वेळी मला फोन करते. सुलेखनकार र. कृ. जोशींनी विंडोजसाठी मंगल फाँट केला तेव्हा साधनं किती अपुरी होती. आज मुक्ता, बालू असे चांगले फाँट फुकट मिळतात, आणि तरी ही दशा! ज्या मुलाने उत्सवी नाटकाच्या पोस्टरवर मात्रा-उकार सांभाळले, तो तुमचं बटण बरोबर करेल.

मांडवीपार
बटणाचा मुद्दा मान्य. आमच्याकडे तीच तक्रार मल्याळम आणि तमिळवाल्यांकडून आली होती, पुन्हा उंची वाढवावी लागली. हे मी आधी लिहायला हवं होतं.

आणखी एक सांगतो, मग तुम्ही काय ते ठरवा. मागे एकाची मुलाखत घेतली. पोर्टफोलिओत नावाजलेलं ॲप, चकचकीत 40 पानं. मी विचारलं, यातला तुझा निर्णय कोणता? बराच वेळ गप्प. शेवटी म्हणाला, आयकॉनचे रंग मी केले. बाकी सगळं टीमचं, आणि पानावर कुठेही टीमचं नाव नाही. त्याला घेतलं नाही. म्हणजे ब्रँडने काम झालं नाही, हे मलाही दिसतं. तरीही माझं म्हणणं कायम आहे: नुसती पत्रिका ठेवून चालणार नाही.

कुळागर
नुसती ठेवा असं मी म्हटलंच नाही. आणि टीमच्या नावाचं तुम्ही बोललात ते मला मनापासून पटलं. माझं एक बोधचिन्ह दुसऱ्याच्या पोर्टफोलिओत तसंच्या तसं सापडलं होतं. त्याने त्यात फक्त फाइल निर्यात केली होती. विचारल्यावर म्हणतो, "आम्ही एकाच स्टुडिओत होतो ना." तेव्हापासून मी मुलांना सांगते, प्रत्येक पानाखाली लिहा: अक्षरं कुणाची, चित्र कुणाचं, फोटो कुणाचा, माझं काय.

सत्तरीकर, 23 कामं दाखवू नकोस. 6 पोस्टरांतली दोन घे. एक जमलेलं, आणि एक जिथे संचालकांनी तुला "फोटो मोठा करा" म्हणून छळलं आणि तू वाट काढलीस.

सत्तरीकर
असं एक आहे. नायकाच्या फोटोवरून भांडण झालं होतं, मी सगळ्या नटांचे फोटो एकाच मापाचे केले आणि नाटकाचं नाव मोठं घेतलं. आधीचे तीन कच्चे आराखडे वहीत आहेत. एका पोस्टरवर "दऱ्या" माझ्याकडूनही झालं होतं, ते आज दुरुस्त केलं. देव बरें करूं.

खिळेजुळणी
वहीचे फोटो उजेडात काढ, सावली पाडू नकोस. आणि छापील प्रत हवी असेल तर मडगावला ये, एक प्रत ओढून देतो, पैसे नकोत.

मांडवीपार
झालं की मला पाठव. वहीची पानं आधी, पोस्टर नंतर, चार ओळी इंग्रजीतही. 12 पानांच्या वर गेलास तर मी उघडणार नाही.