बोकड निवडताना वजन बघू की जुळी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. कुडाळजवळ आमच्याकडे 18 कोकण कन्याळ शेळ्या आहेत. पैदाशीला घरचाच बोकड ठेवायचाय, पण दोघांत अडकलोय. एक एकटाच जन्मला, तीन महिन्यांचा असताना 12 किलो भरला. दुसरा जुळ्यातला, 10 किलो. पण त्याची आई दर वेताला जुळी देते आणि आमच्या पावसातही अंग धरून असते. मला तीच फार मोलाची वाटते. वाढीचा गुण पिल्लांत बऱ्यापैकी उतरतो, जुळ्यांचा कमी, हे माहीत आहे. पण एकट्या पिल्लाला सगळं दूध मिळतं, मग ते दोन किलो रक्ताचे की दुधाचे? तुलना करताना जुळ्यातल्याचं वजन किती वाढवून धरता? आणि बोकडाची पैदासक्षमता बघायला अंडकोषाचा घेर कोणत्या वयात मोजता? ठेवलेल्या बोकडाचा त्याच्याच बहिणींशी मेळ टाळायला त्या विकाव्या लागतील, तेव्हा चूक परवडणार नाही.