संरक्षणाच्या पैशाचा हिशोब संसदीय समितीने मागायचा की नाही?

ऐरोलीकर:
काल संध्याकाळी ठाण्याहून वाशी लोकल पकडली, ऑफिसमधला मित्र सोबत होता, विषय निघाला मिग-२१ चा. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला हवाई दलाने त्या लढाऊ विमानाला निरोप दिला आणि आता लढाऊ विमानांच्या ४२ स्क्वाड्रन, म्हणजे तुकड्या, पाहिजेत तिथे २९ उरल्यात. मी म्हटलं, हे कमी होत जाणार हे वर्षानुवर्षं माहीत होतं, मग संसदेत कुणी जाब विचारला की नाही? तर तो म्हणतो, डिफेन्सच्या पैशाचा हिशोब मागायचा नसतो रे, बाकी कशावरही बोल. मी ऐरोलीला उतरलो पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना, म्हणून इथे मांडतोय.

२०२५-२६ चं संरक्षण बजेट ६.८१ लाख कोटी होतं, त्यात पेन्शनच १.६० लाख कोटीच्या वर आणि नवीन खरेदीचा, म्हणजे भांडवली खर्चाचा भाग १.८० लाख कोटी. हे पैसे नीट लागतायत का हे बघायला संसदेची संरक्षणविषयक स्थायी समिती आहे, ३१ खासदार, २१ लोकसभेचे १० राज्यसभेचे, १९९३ पासून ही पद्धत चालू आहे. सचिव येतात, तिन्ही दलांचे मोठे अधिकारी येतात, बंद दाराआड बोलतात आणि मग समिती रिपोर्ट देते.

आता मार्च २०१८ चं बघा. समितीचे अध्यक्ष होते भुवनचंद्र खंडुरी, स्वतः रिटायर्ड मेजर जनरल आणि खासदार सत्ताधारी भाजपचेच. त्यांच्यासमोर लष्कराचे उपप्रमुख शरत चंद यांनी स्पष्ट सांगितलं की आमची ६८ टक्के सामग्री जुनाट आहे, आजच्या काळातली २४ टक्के आणि अत्याधुनिक फक्त ८ टक्के. आधुनिकीकरणाला मिळाले २१,३३८ कोटी आणि आधीच करार झालेल्या १२५ योजनांचे हप्तेच २९,०३३ कोटीचे, म्हणजे नवीन काही घेणं सोडा जुनी उधारीसुद्धा फिटत नाही. हा रिपोर्ट १३ मार्चला मांडला आणि दुसऱ्या दिवशी, १४ मार्चला लोकसभेत गदारोळात गिलोटिन लावून, म्हणजे खात्यांच्या खर्चाच्या मागण्या एकदम मताला टाकून, सगळं बजेट चर्चेशिवाय पास! रिपोर्टवर एक शब्द नाही. सप्टेंबरमध्ये समिती नव्याने बनली आणि खंडुरींच्या जागी कलराज मिश्र आले.

माझं म्हणणं एवढंच. संरक्षणाच्या मागण्या गिलोटिनखाली टाकायच्याच नाहीत, दरवर्षी सभागृहात चर्चा झालीच पाहिजे. आणि समितीची शिफारस फेटाळली तर मंत्र्याने नुसतं निवेदन पटलावर ठेवून सुटायचं नाही, चर्चेला उभं राहून कारण सांगायचं.

नौपाडा_वकिली:
विषय चांगला काढलात पण मी विरुद्ध बाजूने लिहितो, आणि मनापासून लिहितो, विरोधाला विरोध म्हणून नाही. संसदेने संरक्षण खरेदीत हात घातला की काय होतं हे या देशाने बघितलंय. बोफोर्स, १९८६ चा करार, ४१० तोफा, १,४३७ कोटी. १९८७ ला संयुक्त संसदीय समिती (जेपीसी) बसली, मग १९८९ ला कॅगचा, म्हणजे सरकारी हिशोब तपासणाऱ्या यंत्रणेचा, रिपोर्ट, विरोधी खासदारांनी राजीनामे दिले, निवडणुकीत सरकार गेलं. दलाली खाल्ली असेल तर शिक्षा व्हायलाच हवी होती, ती कुणाला झाली ते आपण सगळे जाणतो. पण लष्कराचं काय झालं? त्यानंतर नवीन तोफेच्या फाइलवर सही करायला कुणी अधिकारी तयार होईना. अमेरिकन एम-७७७ तोफेचा करार व्हायला नोव्हेंबर २०१६ उजाडला आणि ती तोफ आपल्याच देवळालीत के-९ वज्रबरोबर लष्करात दाखल झाली नोव्हेंबर २०१८ ला. तीस वर्षं गेली हो, एक अख्खी पिढी रिटायर झाली.

तेव्हाचे संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिसांचं उदाहरण घ्या, आपल्या मुंबईचा माणूस. कारगिलच्या शवपेट्यांच्या खरेदीवर कॅगचा रिपोर्ट आला २००१ ला आणि सभागृहात त्या माणसाला वर्षानुवर्षं कफनचोर ऐकून घ्यावं लागलं. सीबीआयच्या आरोपपत्रात त्यांचं नावसुद्धा नव्हतं. असं बघितल्यावर कुठला मंत्री, कुठला सहसचिव धाडस करेल? मला भीती याची आहे. समितीला दात दिले तर ते चावणार प्रामाणिक माणसालाच, चोर आधीच कागद नीट करून ठेवतो.

ऐरोलीकर:
वकील साहेब, फर्नांडिसांबद्दल तुमचं पटतं, वाईट झालं त्यांचं. पण तुम्ही दोन गोष्टी एकत्र करताय. बोफोर्सची जेपीसी घोटाळा बाहेर आल्यावर बसलेली चौकशी समिती होती. मी बोलतोय ती स्थायी समिती दरवर्षी बजेट तपासते. तिचे रिपोर्ट काढून वाचा, ती सैन्याचे पैसे कापा असं म्हणत नाही, उलट द्या म्हणते. वर्षानुवर्षं सांगत आली की ३१ मार्चला न वापरलेला पैसा परत जाऊ देऊ नका, मुदत न संपणारा फंड काढा. जसवंतसिंहांनी २००४ च्या अंतरिम बजेटमध्ये २५,००० कोटींचा असा फंड जाहीरसुद्धा केला होता, पुढे १५ व्या वित्त आयोगानेही शिफारस केली. त्यामुळे समिती म्हणजे सैन्याच्या वाटेतला धोंडा हे चित्रच चुकीचं आहे. सैन्याचं गाऱ्हाणं लोकप्रतिनिधींसमोर कागदावर येतं अशी जागा तीच.

रबाळे_टीटीसी:
मी रबाळे एमआयडीसीत छोटं वर्कशॉप चालवतो, तीन सीएनसी आणि अकरा माणसं. एका सरकारी कंपनीला पार्ट देतो, बुश आणि फ्लँज, पुढे ते कुठल्या मशीनला लागतात ते आम्हाला सांगत नाहीत आणि आम्ही विचारतही नाही. तुमची चर्चा वाचून मला काळजी वाटली म्हणून लिहितो. आमच्याकडे आजच तपासणी इतकी आहे की एका बुशला मटेरियलचं सर्टिफिकेट, हीट ट्रीटमेंटचा रिपोर्ट, मापाचा रिपोर्ट, मग त्यांचा इन्स्पेक्टर येणार, तो या आठवड्यात नाही आला की माल तसाच रॅकवर तेल लावून पडून राहणार आणि बँकेचं व्याज चालू. मागच्या लॉटचं बिल सात महिने अडकलं, कायद्यात ४५ दिवस लिहिलेत. फोन केला की उत्तर एकच, ऑडिटचा आक्षेप आहे. म्हणजे वर कुणीतरी प्रश्न विचारतो आणि खाली माझी पोरं पगाराची वाट बघत बसतात. आता खासदारांची अजून एक चाळणी लावली तर आमच्यासारखे छोटे लोक हे काम सोडूनच देतील. मग आत्मनिर्भर कोणाच्या जिवावर होणार?

कोपरी_माजीसैनिक:
नमस्कार मंडळी. मी सतरा वर्षं नोकरी केली, त्यात सियाचीनचा एक टर्न. मोठं राजकारण मला कळत नाही पण गॉगल कळतो. वर बर्फावर ऊन पडलं की डोळे जळतात, गॉगल काढला तर दोन-तीन तासांत डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं आणि मग दिसतच नाही. मला मिळालेला गॉगल आधी कुणीतरी वापरलेला होता, डाव्या काचेवर आडवा ओरखडा आणि मागचं इलॅस्टिक ढिलं पडलेलं. मी पट्टीचं बँडेज फाडून त्याला गाठ मारली होती, ती गाठ हेल्मेटखाली टोचायची, अजून ती जागा हाताला लागल्यासारखी वाटते. तक्रार कुणाकडे करणार, साहेबांचाही तसाच होता.

फेब्रुवारी २०२० ला कॅगचा रिपोर्ट संसदेत आला तेव्हा पेपरात वाचलं की बर्फाच्या गॉगलचा तुटवडा ६२ ते ९८ टक्के होता, बूट परत परत वापरायला दिले. मी पेपर बायकोला दाखवला, म्हटलं बघ, मी सांगत होतो ते खरं होतं. पीएसीने, म्हणजे संसदेच्या लोकलेखा समितीने, मग तो विषय घेतला. तर नौपाड्याचे साहेब, हा प्रश्न कॅगने विचारला नसता तर कोण विचारणार होतं? शिपाई बोलू शकत नाही, शिस्त आहे, आणि ती असलीच पाहिजे. मग आमच्या वतीने कोणीतरी बोलायला हवं ना.

नौपाडा_वकिली:
दादा, आधी तुम्हाला नमस्कार. तुमच्या गॉगलपुढे माझा युक्तिवाद छोटा आहे, मान्य. पण त्याच रिपोर्टवर लष्कराचं म्हणणं होतं की ही माहिती मागच्या काळातली आहे, आता वरच्या जवानाला पूर्ण कपडे मिळतात. म्हणजे रिपोर्ट यायला वर्षं लागतात, तोवर परिस्थिती बदललेली असते, पण शत्रूला मात्र वाचायला मिळतं. २०१७ ला तर कॅगने दारूगोळ्याचे आकडेच छापले, १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकार दहा दिवससुद्धा पुरणार नाहीत. आणि केव्हा? डोकलाममध्ये चिनी सैन्य समोर उभं असताना. आमच्या सोसायटीत रिडेव्हलपमेंटचा हिशोब मी स्वतः ओरडून मागतो, पण कुठला कॅमेरा बंद आहे हे गेटवर लिहून लावत नाही.

कळवा_खारेगाव:
वकील साहेबांच्या शेवटच्या वाक्याशी सहमत. पण कॅमेरा बंद आहे हे कमिटीला तरी कळायला हवं की नको, आणि कळल्यावर दुरुस्त झाला का हे पुढच्या मीटिंगला कुणी विचारायचं?

अंबरनाथ_पूर्व:
चर्चा दिल्लीच्याच अंगाने चाललीये म्हणून आमच्याकडचं सांगते. माझे वडील अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते, सकाळच्या भोंग्यावर आमचं घर उठायचं. १ ऑक्टोबर २०२१ ला ४१ कारखान्यांच्या सात कंपन्या केल्या आणि आमच्या एका गावातले दोन कारखाने दोन वेगळ्या कंपन्यांत गेले, ऑर्डनन्स फॅक्टरी यंत्र इंडियात आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आर्मर्ड व्हेइकल्स निगममध्ये. निर्णय बरोबर की चूक यावर वडील आणि माझा भाऊ अजून भांडतात, ते राहू दे. पण त्याआधी संप करायला बंदी घालणारं अत्यावश्यक संरक्षण सेवा विधेयक आलं, ते ३ ऑगस्टला लोकसभेत आणि ५ ऑगस्टला राज्यसभेत पास झालं, गोंधळात, आणि समितीकडे गेलंच नाही. ७० हजारांच्या वर कामगार होते. समितीसमोर युनियनला बोलावलं असतं, मॅनेजमेंटला बोलावलं असतं, दोन महिने लागले असते. वडिलांचं म्हणणं होतं की हरलो असतो तरी चाललं असतं, पण आमचं ऐकून तरी घ्यायचं होतं. इथे शत्रूला काय कळणार होतं सांगा?

अग्निपथचंही तेच. जून २०२२ ला एकदम जाहीर, चार वर्षं नोकरी आणि २५ टक्के कायम. सैन्य भरतीची पद्धतच बदलली आणि आधी संसदेत चर्चा नाही. आमच्या मैदानावर पहाटे पळणाऱ्या पोरांना टीव्हीवरून कळलं.

नौपाडा_वकिली:
ताई, कामगारांच्या विधेयकाबद्दल मी तुमच्या बाजूने आहे, ते समितीकडे जायला हवं होतं. धोरण वेगळं आणि खरेदी वेगळी. माझा विरोध खरेदीच्या फाइलीत खासदार बसवायला आहे.

ऐरोलीकर:
खरेदीच्या फाइलीत बसवा असं मी म्हटलेलं नाही, पण जर्मनीत अडीच कोटी युरोच्या वरचा प्रत्येक संरक्षण करार संसदेच्या बजेट समितीकडून मंजूर करून घ्यावा लागतो, तरी त्यांचा देश चाललाय.

रबाळे_टीटीसी:
चाललाय पण कसा ते पण बघा ना, त्यांचं सैन्य इतकं मागे पडलं की युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर २०२२ ला १०० अब्ज युरोचा वेगळा फंड काढावा लागला. आणि त्यांच्या सीमेवर चीन-पाकिस्तान नाही. आपण तेजस लढाऊ विमानाचंच बघतोय, ८३ विमानांचा करार फेब्रुवारी २०२१ ला झाला, मार्च २०२४ पासून विमानं मिळायला हवी होती, उशीर झालाच. त्यात अजून एक टेबल वाढवायचं?

ऐरोलीकर:
जर्मनीचं उदाहरण तसंच्या तसं लागू होणार नाही, हे मागे घेतो. पण तेजसचा उशीर समितीमुळे नाही झाला दादा, इंजिनं अमेरिकेतून वेळेवर आली नाहीत. उशीर का होतोय हे दर तीन महिन्यांनी विचारणारं कुणीतरी बाहेरचं असायला हवं. एचएएल, म्हणजे तेजस बनवणारी सरकारी कंपनी, स्वतःला कशी विचारणार? माझ्या मते समितीची खरी अडचण वेगळीच आहे. तिची मुदत एक वर्ष असते. दर सप्टेंबरला नवी रचना, एखाद्या खासदाराला आत्ता कुठे दारूगोळ्याची भाषा कळायला लागते आणि तो दुसऱ्या समितीत जातो. समोर बसलेला अधिकारी तीस-पस्तीस वर्षं त्याच विषयात मुरलेला. आपला खासदार विचारणार तरी काय?

आणि गुप्ततेबद्दल एकच सांगतो. १९६२ ला युद्ध चालू असताना ८ नोव्हेंबरला संसद भरली आणि १६५ खासदार बोलले. पुढच्या वर्षी यशवंतराव चव्हाणांनी, २ सप्टेंबर १९६३ ला, पराभवाच्या चौकशीत काय निघालं ते लोकसभेत उभं राहून सांगितलं, ट्रेनिंग कुठे कमी पडलं, सामग्री कुठे कमी पडली, वरिष्ठांचं कुठे चुकलं. चौकशीचा मूळ हेंडरसन ब्रूक्स रिपोर्ट गुप्तच ठेवला, पण देशाला अंधारात ठेवलं नाही. हिमालयाच्या मदतीला गेलेल्या आपल्या माणसाला हे जमलं होतं.

नौपाडा_वकिली:
यशवंतरावांचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे असं मी म्हणेन, काय सांगायचं आणि काय झाकायचं हे मंत्र्याने ठरवलं, समितीने नाही. पण एक वर्षाच्या मुदतीचं पटलं. समिती पूर्ण पाच वर्षांची करा, मग मी गिलोटिनच्या मुद्द्यावर तुमच्यासोबत येतो. दारूगोळ्याचे आकडे मात्र छापायचे नाहीत, त्यावर मी हटणार नाही.

कोपरी_माजीसैनिक:
आकडे छापू नका साहेब, चालेल. पण गॉगल पोचला का ते कुणीतरी वर जाऊन बघून या. पीएसीचे लोक नंतर लेहला गेले होते असं वाचलं, तेव्हा बरं वाटलं होतं.

ऐरोलीकर:
रबाळेवाले दादा, तुमच्या बिलाचं डोक्यातून जात नाहीये. स्थायी समिती एखादा विषय अभ्यासाला घेते तेव्हा बाहेरच्या लोकांचं लेखी म्हणणंही मागवते. तपासणी आणि थकलेली बिलं हे तुमच्यासारख्यांनी लिहून पाठवलं नाही तर त्यांच्यापर्यंत फक्त कंपनीचीच बाजू जाणार. कंपनीचं नाव नको, माल कधी दिला, इन्स्पेक्शन कधी झालं, पैसे कधी आले एवढ्या तारखा पुरे.

रबाळे_टीटीसी:
वजन किती पडेल माहीत नाही, पण तारखा माझ्याकडे वहीत आहेत, २०१९ पासूनच्या. इंग्रजीत लिहायचं आपलं काम नाही.

नौपाडा_वकिली:
वहीचे फोटो पाठवा. मत बदललेलं नाही माझं, पण निवेदन मी लिहून देतो. रविवारी दुपारी मोकळा आहे.