छोट्या टूलसाठी क्लिक कशाला? आर्गपार्स पुरे की!

रांगडा_टर्मिनल

पायथनमध्ये कमांड लाइनचं (कमांड टाइप करून चालवायचं) टूल लिहायचं म्हटलं की आपल्याकडे डोळे मिटून क्लिक ही लायब्ररी बसवतात. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. आता नवीन काही लिहायचं तर त्याच कामाचं आर्गपार्स घेतो.

कारण सांगतो. एका साखर कारखान्यासाठी वजनकाट्याच्या पावत्या गोळा करून रात्री दोनला हिशेब लावणारं टूल लिहिलं होतं. फंक्शनचं नाव पावत्या_गोळा (अर्थात रोमनमध्ये), क्रॉनमध्येही (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्रॅम) तेच. २०१८ च्या नोव्हेंबरात नव्या सर्व्हरवर सगळं पुन्हा बसवलं आणि सकाळी लॉगमध्ये एकच ओळ: अशी कमांडच नाही. क्लिक ७.० पासून फंक्शनच्या नावातल्या अंडरस्कोअरचा कमांडमध्ये आपोआप डॅश होतो. पावत्या_गोळा ची झाली पावत्या-गोळा. हंगाम ऐन भरात, काट्यावर गाड्यांची रांग, आणि मी एक आडवी रेघ शोधतोय.

आर्गपार्स २०१० पासून, म्हणजे पायथन २.७ पासून, भाषेसोबतच येतं. वेगळं बसवायला नको, रात्रीत बदलायची भीती नको. तीन ऑप्शनच्या स्क्रिप्टला आणखी काय लागतं?

निवांत_जीव

राव, यात क्लिकचा दोष किती आणि तुमचा किती? आवृत्ती पिन केली नव्हती, म्हणजे एकाच आकड्यावर बांधून ठेवली नव्हती. बरं, डेकोरेटरला (फंक्शनच्या वरच्या @ च्या ओळीला) कमांडचं नाव हाताने दिलं असतं तर अंडरस्कोअर जिथल्या तिथे राहिला असता. ७.० म्हणजे मोठी आवृत्ती, बदलांच्या यादीत हे लिहिलेलं होतं.

आणि आर्गपार्स गरीब गाय आहे असं समजू नका. ऑप्शनला टाइप म्हणून बूल (खरं की खोटं) द्या आणि कमांड लाइनवर फॉल्स लिहा. हातात येतं ट्रू! कारण रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग पायथनच्या लेखी खरीच. नवख्यांच्या हातून हे दर महिन्याला होतं. दुसरं म्हणजे तोडून लिहिलेले ऑप्शन. --पुसून-टाका असा ऑप्शन असेल तर नुसतं --पुस लिहिलं तरी आर्गपार्स निमूट चालवतं. उद्या तुम्ही --पुसट नावाचा ऑप्शन वाढवलात की ज्यांच्या स्क्रिप्टमध्ये --पुस आहे त्यांचं सगळं आडवं. हे बंद करायची सोय ३.५ मध्ये आली, पण मुळात ते चालूच असतं.

रांगडा_टर्मिनल

पिन नव्हती, मान्य. पण पिन करा म्हणजे जबाबदारी संपली असं नाही ना? मे २०२५ च्या क्लिक ८.२ मध्ये परत नावांना हात लावला. फंक्शनच्या नावाला कमांड, ग्रुप असं शेपूट असेल तर आता ते कापून कमांडचं नाव बनतं. दिसायला छान. पण कमांडचं नाव म्हणजे घराचा पत्ता आहे. लोकांच्या क्रॉनमध्ये, कागदावर, काटेवाल्याच्या वहीत तो लिहिलेला असतो. रंगकाम करताना पत्ता बदलायचा नसतो.

आणि मार्च २०२२ आठवतोय का? ८.१ आली आणि ब्लॅक हा फॉरमॅटर सुरूच होईना. कितीतरी जणांच्या बिल्ड एका दिवसात लाल.

डबा_आणि_लोकल

ब्लॅकचं उदाहरण देताय तर पूर्ण द्या. जुनी क्लिक पायथन ३ वर लोकेल (भाषा-लिपीची सेटिंग) तपासायची आणि ते आस्की (फक्त इंग्रजी अक्षरांचं) निघालं की काम सोडून बाहेर पडायची. क्रॉनमध्ये आणि कंटेनरमध्ये हे हमखास व्हायचं. ब्लॅकवाल्यांनी त्यावर तोड म्हणून क्लिकच्या आतलं, अंडरस्कोअरने सुरू होणारं खासगी मॉड्यूल उघडून ती तपासणी निकामी केली होती. पायथन ३.७ पासून तपासणीची गरजच उरली नाही म्हणून ८.१ ने ते मॉड्यूल काढून टाकलं. शेजाऱ्याच्या माळ्यावर आपलं सामान ठेवायचं आणि त्याने माळा पाडला की ओरडायचं! ब्लॅकने २२.३.० मध्ये लगेच दुरुस्तही केलं.

मी क्लिक सोडत नाही ती टेस्टसाठी. आमच्या टूलला तिसाच्या वर सबकमांड (एकाच टूलच्या पोटातल्या कमांड) आहेत, चार जण लिहितात. टेस्टचा रनर घ्यायचा, कमांड चालवायची, एक्झिट कोड आणि आउटपुट तपासायचं, दोन ओळींत काम. आर्गपार्समध्ये हेच करायला सिस्टमएक्झिट पकडा, आउटपुट वळवा, मग चहा प्या.

तक्रार माझीही आहे. मदतीचा मजकूर डॉकस्ट्रिंगमध्ये (फंक्शनच्या आतल्या माहितीत) नीट ओळी पाडून लिहिला तर क्लिक सगळं एका परिच्छेदात कोंबते. ते टाळायला परिच्छेदाच्या आधी बॅकस्लॅश-बी ठेवायचा. हे ज्याला सुचलं त्याला माझा कोपरापासून नमस्कार.

शून्य_कटकट

टायपर ही लायब्ररी घ्या. टाइप हिंट (कुठली किंमत कुठल्या प्रकारची ते) लिहा, ऑप्शन आपोआप तयार. एवढी चर्चा कशाला?

निवांत_जीव

टायपर क्लिकच्याच खांद्यावर उभी आहे हो. ८.२ मध्ये आतल्या एका मेथडची सही बदलली आणि टायपरच्या टूलमध्ये --हेल्प म्हटलं की मदतीऐवजी ट्रेसबॅक, म्हणजे एररची लांबलचक यादी! टायपरने आधी क्लिकला ८.२ च्या खाली थांबवलं, मग जुळवून घेतलं. कटकट शून्य नाही, फक्त एक मजला वर गेली.

अनुस्वार

तुम्ही सगळे मदतीचा मजकूर इंग्रजीत लिहिता म्हणून सुखी आहात. मी एका ग्रंथालयासाठी मराठीत लिहिला. ऑप्शन डावीकडे, माहिती उजवीकडे, असा तक्ता असतो ना? तो वेडावाकडा येतो. क्लिक रुंदी मोजते ती स्ट्रिंगच्या लांबीवरून. "तालुका" हा शब्द मोजला की सहा येतात: त, काना, ल, उकार, क, काना. पण उकार अक्षराच्या खाली बसतो, तो वेगळं घर घेत नाही. प्रत्येक उकाराला, अनुस्वाराला, मात्रेला रकाना एकेक घर सरकतो. आयडी शोभतो की नाही मला?

आणि आर्गपार्स? तेही लांबीच मोजतं. इथे दोघं सख्खे भाऊ.

एक गोष्ट मात्र दोघांतही सुखाची आहे आणि ती पायथनची कृपा. पूर्णांकाच्या ऑप्शनला १२ असं देवनागरीत लिहा, बिनतक्रार बारा म्हणून घेतात.

रांगडा_टर्मिनल

काय सांगता!

डबाताई, ब्लॅकचा मुद्दा घेतला, ते उदाहरण मागे. तिसाच्या वर सबकमांड असतील तर मीही क्लिकच घेईन. माझ्या तीन ऑप्शनांना मात्र आर्गपार्सच, बूलचा खड्डा चुकवून.

अनुस्वार, आत्ताच करून बघितलं. १२ घेतलं, ४५० पण घेतलं. काट्यावरचे मामा पावती क्रमांक देवनागरीत टाकतात म्हणून मी आकडे बदलायचं चाळीस ओळींचं फंक्शन लिहून ठेवलंय, टेस्टसकट. इतकी वर्षं चालतंय ते. आज रात्री काढून टाकतो.

डबा_आणि_लोकल

टेस्ट राहू द्या.